डोंग्याचा टप

आमच्याकडे टप म्हणजे बैलगाडीवरचं छप्पर. बांबूच्या कमानी वाकवायच्या, त्यांवर तट्ट्या बांधायच्या, वरून कापड घालायचं, की गाडी नवरी आणायला तयार. एरवी कापूस आणि शेणखत वाहणाऱ्या गाडीला टप चढला म्हणजे त्या घरी लग्न आहे, हे कुणाला विचारावं लागत नसे. मोटरच्या छतालाही आम्ही टपच म्हणायचो. पण मासे धरायच्या डोंग्याला टप असतो, हे सौंसर तालुक्यात कुणी ऐकलं नव्हतं. ते खूळ माझ्या बाबांच्या डोक्यातून निघालं, आणि त्यापायी त्यांनी अख्ख्या वस्तीचं हसू ओढवून घेतलं.

ऐंशी सालानंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. मी सौंसरला अकरावीत होते. सौंसरहून मोहगावकडे जाताना सिंचाईवाल्यांचा एक तलाव लागायचा, त्याच्या बांधाखाली आमची आठ-दहा घरं. सगळीकडे संत्र्याच्या बागा आणि कपाशी, आणि त्यात आम्ही मासे धरणारे. डोंगा आजोबांच्या वेळचा होता, सागाच्या फळ्यांचा, दरसाल डांबर खाऊन काळाकुट्ट झालेला. तो दोन माणसांचा डोंगा होता. बाबा पुढे उभे राहून जाळं फेकायचे आणि माय मागे बसून वल्हं धरायची.

घरात या दोघांचं मिठाच्या चिमटीवरसुद्धा एकमत व्हायचं नाही. डोंग्यात बसले की मात्र दोघांची तोंडं बंद. मायला पाण्याकडे बघून मासा कुठे आहे ते कळायचं. ती हनुवटी जराशी उचलायची, बाबा पाठमोरे असूनही त्याच बाजूला वळायचे. हे कसं जमायचं ते मी काठावरून कितीदा पाहिलं, मला उमगलं नाही. मी तेव्हा दप्तर घेऊन बांधावर बसायचे आणि अभ्यासाच्या नावाखाली त्यांना बघत राहायचे. आज कुणी मला विचारलं की तुझं माहेर कुठे, तर मला घर आधी आठवत नाही. पाण्यात दूर असलेली ती दोन माणसं आठवतात.

मायचं माहेर मोहगावचं. तिच्या लग्नाची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की कधीकधी वाटतं, मीही त्या वऱ्हाडात होते. ऐन वैशाखात लग्न, आणि गाडीला टप नाही. ज्याला सांगून ठेवलं होतं त्याने आपला टप दुसऱ्याच लग्नाला दिला. उघड्या गाडीत, डोक्यावर ओलं फडकं घेऊन माय सासरी आली. बाबा गाडीच्या बाजूने पायी चालत होते. मोहगाव मागे पडल्यावर ते तिच्याशी पहिलं वाक्य बोलले, "पुढच्या बारीले टप लावतो." वऱ्हाडी हसून हसून बेजार झाले. नवरदेवाला अजून किती बायका आणायच्या आहेत, असं कुणीतरी विचारलंही. माय हे सांगताना दरवेळी चिडायची, आणि सांगायचं काही सोडायची नाही.

मी अकरावीत असताना वैशाखात मायला ऊन लागलं. डोंग्यातच ती आडवी झाली. बाबांनी तिला तलावाच्या पाण्याने भिजवलं, खांद्यावर टाकून बांध चढले, आणि मिळेल त्या मोटरने नागपूरला नेलं. ती वाचली. पण डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे उन्हात जायचं नाही, दुसऱ्यांदा लागलं तर हाती लागणार नाहीत. आम्हाला वाटलं, डॉक्टर लोक सांगतातच. तसं नव्हतं. दहाचं ऊन अंगावर घेतलं तरी तिला भोवळ यायची.

मग माय घरात बसली. जाळी दुरुस्त करू लागली. सुरुवातीला शेजाऱ्यांचीही जाळी यायची. ती संपली तेव्हा एक दिवस मी शाळेतून आले तर ती चांगलं धड जाळं उसवत होती. मी विचारलं, काय करून राह्यली? ती म्हणाली, गाठी सैल होत्या. गाठी सैल नव्हत्या. ती उसवायची आणि पुन्हा विणायची, आणि विणताना तिची हनुवटी मधूनच उचलली जायची.

तिच्या जागेवर मी बसेन, असं मी ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर मायच्या दुखण्यात मला तेवढाच एक आनंदाचा भाग दिसला होता. याची लाज मला नंतर वाटली, तेव्हा वाटली नाही. रविवारी मी वल्हं धरायला जाऊ लागले. बाबा रागावत नसत. जाळं रिकामं आलं तरी, डोंगा भलतीकडे गेला तरी, ते काही बोलत नसत. चौथ्या रविवारी म्हणाले, राहू दे, तू अभ्यास कर. मला अभ्यासाचं ते ऐकून इतका राग आला की मी दोन दिवस जेवताना त्यांच्याकडे पाठ करून बसले. ते एकटे जाऊ लागले. वल्हं मारायचं, मग ते ठेवून पुढे जायचं, जाळं फेकायचं, तोवर डोंगा वाऱ्याने फिरलेला. मासे कमी यायचे. पण बाबांचं दुखणं ते नव्हतं. एकदा मी त्यांना डोंगा मधोमध उभा करून मागच्या रिकाम्या जागेकडे बघत बसलेलं पाहिलं आणि माझा राग उतरला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते एका संध्याकाळी पांढुर्ण्याहून आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले की डोंग्याला टप लावतो. पत्र्याचा, पक्का. पावसात बरा पडेल. मायने विचारलं, पावसात जाळं टाकतो कोण? बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

पत्रा विकत आणायची आमची ऐपत नव्हती. रस्त्याच्या कामावर डांबराचे रिकामे ड्रम पडलेले असायचे. तिथल्या मुकादमाला दोन मोठ्या मरळ नेऊन दिल्या तेव्हा चार ड्रम मिळाले. ते कापून, ठोकून सपाट केले की काळा, जाड पत्रा तयार. मला तो ठोकण्याचा आवाज अजून ऐकू येतो, आठ दिवस वस्तीत कुणाला दुपारी झोप नव्हती. पण नुसत्या पत्र्याखाली वैशाखात माणूस भाजून निघेल. म्हणून बाबांनी सौंसरच्या संत्र्याच्या मंडीतून मोडक्या पेट्या गोळा केल्या. त्यांच्या पातळ फळ्या पत्र्याखाली आतून ठोकायच्या, आणि फळ्या नि पत्रा यांच्या मध्ये पेट्यांतलंच वाळलं गवत भरायचं. हे सगळं बांबूच्या कमानींवर. पावसासाठी इतकी माया कुणी करत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मिस्त्री सावरगावचे. जाम नदीच्या काठावर जन्म गेला आणि पाण्याला भिणारे. गाड्यांचे टप बांधण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे, म्हणून बाबांनी त्यांनाच आणलं. त्यांची हत्यारं मोटरच्या टपावरून आली, त्यावरून वाहकाने थट्टाही केली. डोंगा काठावर ओढून ठेवला होता. मिस्त्रींनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, गाडीला मोजतात तसा तो मोजला, आणि डोंग्याच्या तोंडाला गाडीसारखं धुरा म्हणाले. टप मागच्या अर्ध्या भागावर पाहिजे, हे बाबांनी दाखवलं. मिस्त्रींचं तोंड आंबट झालं. मागे एवढं ओझं टाकलं तर गाडी उलार होते. उलार म्हणजे गाडीचं मागचं अंग जड होऊन पुढचं वर उचललं जाणं, बैलांच्या गळ्याला फास बसणं. गाडीवानाच्या घरी हा शब्द शिवीसारखा वापरतात. मिस्त्रींचं म्हणणं, गाडी कशी, बैलांच्या मानेवर जराशी दाबूनच पाहिजे. म्हणून त्यांनी डोंग्याच्या तोंडाशी बाभळीचं एक जाडजूड लाकूड आडवं बसवलं आणि लोखंडी पट्ट्यांनी पक्कं ठोकलं.

बाबांनी मान डोलावली. आमच्याकडे पोर चालायला लागण्याआधी गाडीत बसतं, उलार म्हटलं की कुणीही घाबरणार. डोंग्याला बैल नसतात, हे त्या दिवशी तिथं उभ्या असलेल्या पंधरा-वीस माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. माय तिथं नव्हती.

ती नव्हती, कारण तोवर वस्तीला विषय मिळाला होता. हातपंपावर बायका तिला विचारायच्या, डोंग्याले टप चढून राह्यला, नवी नवरी कोणत्या गावची? काही जणी म्हणायच्या, नवी कशाला, जुनीलाच हळद लावतील. माय बादली अर्धी भरून घरी यायची. शेवटी एका सकाळी तिने बाबांना सुनावलं की या वयात मला नवरी बनवून मिरवायचं असेल तर दुसरी बघा, मी त्या टपाखाली बसणार नाही. बाबा चहा पीत होते. म्हणाले, "कोण म्हणते तुह्यासाठी हाय?"

इतकं खोटं वाक्य मी माझ्या बापाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मायला ते खरं वाटलं की काय, कोण जाणे. त्या दिवशी तिने जाळ्याला हात लावला नाही.

होळीनंतर दोन-तीन दिवसांनी डोंगा पाण्यात लोटला. सगळी वस्ती काठावर. टप खरंच देखणा दिसत होता, बाहेरून काळा आणि आतून पिवळट. पेट्यांवरची छापील अक्षरं आतल्या बाजूला आली होती. एका फळीवर 'ऊपर' लिहिलेलं होतं, ती मिस्त्रींनी उलटी ठोकली होती, त्यामुळे ते अक्षर डोक्यावर उभं होतं. बाबांनी मागे बसून वल्हं मारलं तोवर सगळं ठीक होतं. मग ते सवयीने जाळं घेऊन पुढे गेले. बाभळीचं लाकूड आणि बाबा दोघांचं ओझं तोंडावर आलं आणि डोंगा पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखा खाली गेला. पाणी आत शिरलं. बाबा जाळ्यासकट गुडघ्यांवर आपटले, रांगत मागे आले, तेव्हा डोंगा सरळ झाला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. काठावर लोक पोट धरून हसत होते. कुणीतरी म्हणालं, नवरी नाही म्हणून टप रुसला.

मिस्त्रींचं तोंड एवढंसं झालं होतं. डोंगा काठाला लागल्यावर ते पाण्यापासून दोन हात लांब उभे राहून म्हणाले की उद्या लाकूड काढून टाकतो. बाबा ओले कपडे पिळत राहिले. माझ्या बापाला मी तेवढं एकटं कधी पाहिलं नाही.

तेव्हा बांधावरच्या कडुनिंबाखालून माय निघाली. ती तिथं कधी येऊन बसली होती, कुणाला माहीत नव्हतं. नंतर तिने सांगितलं की ती बाबांची भाकर घेऊन आली होती, पण भाकर काही तिच्या हातात नव्हती. झाडापासून पाण्यापर्यंत उघडं ऊन होतं. मी छत्री घेऊन धावले. तिने माझ्याकडे, छत्रीकडे पाहिलंच नाही. लोक बाजूला झाले. लुगड्याचा ओचा खोचून ती पाण्यात उतरली, डोंग्यात चढली, आणि टपाखाली, आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली.

डोंगा डुलला. बाबा पुढे चढले. आम्ही सगळे तोंड कधी बुडतं ते बघत होतो. ते बुडलं नाही. डोंगा पाण्यावर सरळ राहिला, परातीत ठेवलेल्या वाटीसारखा.

मायने मिस्त्रींना हाक मारून सांगितलं, "भाऊजी, लाकडाले हात लावू नका. तुमी दोघाईसाठी बनवला, हे येकटे घेऊन निघाले."

मग तिने वल्हं उचललं. डोंगा काठापासून सुटला तेव्हा तिचं पुढचं वाक्य पाण्यावरून माझ्यापर्यंत आलं. ते माझ्यासाठी नव्हतं. "लावला बापा एकदाचा टप," ती म्हणाली.

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांची पाठ मात्र हलली. ते हसत होते की रडत होते, हे पाठीवरून सांगता येत नाही. मी न उघडलेली छत्री धरून काठावर उभी राहिले. मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदात मला जागा नव्हती, हेही त्याच क्षणी कळलं होतं.

पुढचे चार उन्हाळे ते दोघं त्या टपाखाली गेले. सुट्टीच्या दिवशी मीही मधे जाऊन बसायचे, पाहुणी म्हणून. पत्र्यावर ऊन तापायचं तेव्हा डांबराचा वास यायचा, आणि गवतातून संत्र्याच्या सालीचा. डिसेंबरात नुसता संत्र्याचा. मायला वाचता येत नव्हतं. ती वर बघून विचारायची, इथं काय लिहिलं हाय? मी सांगायचे, ऊपर. ती म्हणायची, मग खाली पाहून कायले लिहिलं? मी तिला अक्षरं शिकवायला गेले तर ती दोन दिवसांत कंटाळली. ऊपर तेवढं तिला ओळखता येऊ लागलं. सौंसरच्या बाजारात कुठल्याही पेटीवर ते दिसलं की ती मला कोपराने ढोसायची.

मग माझं लग्न झालं. मी नागपूरला गेले तेव्हा माझी ट्रंक आणि गादी मोटरच्या टपावर बांधली होती. बाबा ते बांधताना म्हणाले, पाह्य, तुले टप भेटला. माय खिडकीशी आली आणि तिने माझा पदर नीट केला.

ती उन्हाने गेली नाही. एका थंडीत छातीत कफ भरला आणि पाच दिवसांत संपलं. मला निरोप मिळून मी पोचेस्तोवर सगळं आटोपलं होतं. घरात तिचं अर्धं विणलेलं जाळं खुंटीला होतं. त्याला कुणी हात लावला नव्हता.

पाहुणे पांगल्यावर एका सकाळी बाबा मला म्हणाले, चल. आम्ही तलावावर गेलो. डोंगा तिथंच होता. मी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, बाभळीचं लाकूड जागच्या जागी होतं. बाबांनी सांगितलं की सावरगावचे मिस्त्री येऊन बसून गेले, लाकूड काढून देतो म्हणाले, एका घटकेचं काम. बाबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. टपाखाली, मायच्या जागेवर, एक मोठा दगड ठेवलेला होता. पाट्यासारखा चपटा, नदीतला. त्याखाली गोणपाट घडी करून घातलं होतं.

बाबांनी तो दगड दोन्ही हातांनी उचलून काठावर ठेवला आणि मला तिथं बसायला सांगितलं.

मी बसले. माझं लग्न झालं होतं, अंगाने मी जरा भरले होते, मला वाटलं आता तरी. ज्या जागेवर बसण्यासाठी मी सतराव्या वर्षी बापाशी अबोला धरला होता, तिथं मी बसले होते, आणि वर उलटं 'ऊपर' होतं. मी वल्हं धरलं. बाबा पुढे चढले. डोंग्याचं तोंड हळूहळू खाली जाऊ लागलं. पाणी फळीच्या कडेजवळ आलं आणि तिथं थांबलं, एक बोटभर अंतर राखून.

बाबा बराच वेळ ते बोटभर अंतर बघत राहिले. मग खाली उतरले.

"तू हलकी हायेस वं माय," ते म्हणाले. रागाने नाही. दोन माणसांमधला फरक सांगावा तसं.

त्यांनी काठावरचा दगड उचलला, पाण्यातून चालत मागे आले आणि तो माझ्या मांडीवर ठेवला. दगड उन्हाने कोमट झाला होता. ते परत पुढे गेले, चढले, आणि डोंगा सरळ झाला. त्या दिवशी आम्ही तलावाच्या त्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. जाळं त्यांनी फेकलं नाही. मी एका हाताने वल्हं मारत होते आणि दुसऱ्या हाताने तो दगड सांभाळत होते.